जॉन एल. लील

डॉ. जॉन एल. लील (५ मे १८५८ – १३ मार्च १९१४) हे अमेरिकन डॉक्टर व सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ होते. मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात मोजून व सतत क्लोरीन मिसळण्याची अमेरिकेतील पहिली व्यवस्था त्यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये सुरू झाली.

प्रारंभिक जीवन

लील यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील अँडीज येथे झाला. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. अमेरिकन यादवी युद्धात सैन्यासोबत असताना त्यांना आमांशाने ग्रासले. अनेक वर्षे त्रास सोसून १८८२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. लील यांनी प्रिन्स्टन येथून पदवी घेतली आणि १८८४ मध्ये कोलंबिया येथील वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पुढे ते न्यू जर्सीतील पॅटरसन शहराचे आरोग्य अधिकारी झाले. तेथे संसर्गजन्य रोगाच्या रुग्णांची घरे निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरली जात असे. त्यानंतर ते खासगी पाणीपुरवठा कंपन्यांचे आरोग्य सल्लागार झाले.

बूनटन येथील कार्य

जर्सी सिटीला बूनटन जलाशयातून १९०४ पासून पाणी मिळू लागले. हे पाणी करारानुसार शुद्ध नसल्याचा दावा करून शहराने कंपनीविरुद्ध खटला भरला. पाणलोट क्षेत्रातील वस्त्यांसाठी मलवाहिन्या बांधाव्यात, अथवा अन्य उपाय योजावा, असा न्यायालयाचा निर्णय १९०८ मध्ये झाला. पाण्यात रसायन घालण्यास त्या काळी लोकांचा व अनेक तज्ज्ञांचा विरोध होता. तरीही लील यांनी क्लोरीनचा मार्ग निवडला आणि त्यासाठी शहराची वा न्यायालयाची पूर्वसंमती घेतली नाही.

संयंत्राचा आराखडा अभियंता जॉर्ज वॉरेन फुलर यांनी केला. लिटल फॉल्स येथील गाळणी केंद्रात तुरटी मिसळण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. ब्लीचिंग पावडरचे विरल द्रावण एका लहान टाकीत स्थिर पातळीवर ठेवले जाई आणि तळाच्या छिद्रातून बाहेर पडे. पातळी स्थिर असल्याने प्रवाहाचा वेगही स्थिर राहत असे, तर छिद्राचा आकार बदलून मात्रा कमी-अधिक करता येई. त्यामुळे मात्रा कामगाराच्या अंदाजावर अवलंबून राहिली नाही. २६ सप्टेंबर १९०८ रोजी संयंत्र सुरू झाले. दररोज सुमारे १५ कोटी लिटर पाण्यावर प्रक्रिया होत असे. दर दहा लाख लिटरमागे क्लोरीनची मात्रा साधारण २०० ते ३५० ग्रॅम एवढीच होती.

न्यायालयीन निर्णय

खटल्याच्या दुसऱ्या टप्प्यात लील यांची कसून उलटतपासणी झाली. हे पाणी आपण स्वतः पिऊ व कुटुंबालाही देऊ, अशी साक्ष त्यांनी दिली. १९१० मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने ही पद्धत परिणामकारक ठरवली.

वारसा

या निकालानंतर अमेरिकेतील शहरांनी क्लोरीनीकरण झपाट्याने स्वीकारले. पुढे वायुरूप क्लोरीन मोजून सोडणारी यंत्रे आली. आज पाण्याचा प्रवाह व त्यातील उर्वरित क्लोरीन मोजून मात्रा आपोआप बदलणाऱ्या यंत्रणा वापरल्या जातात. अतिरिक्त मात्रा अपायकारक आणि अपुरी मात्रा निरुपयोगी असल्याने अचूक मात्रा हाच या पद्धतीचा पाया राहिला आहे.

लील यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. पॅटरसन येथील त्यांच्या कबरीवर स्मृतिशिला बसवण्यास २०१३ साल उजाडावे लागले.