प्रादेशिकतेचा शिक्का आणि खानोलकर

चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचा जन्म १९३० साली वेंगुर्ल्याजवळील बागलांची राई येथे झाला. कुडाळला खानावळ चालवीत असतानाच ते ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहू लागले. १९५९ मध्ये ‘जोगवा’ प्रसिद्ध झाला. पुढे ते मुंबईस गेले. त्यांची कादंबरी मात्र कोकणातच नांदली. अशा साहित्यावर आपली समीक्षा ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारून मोकळी होते. परंतु १९६६ च्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी हिंदी व तेलुगू चित्रपट काढले, आणि दक्षिण कोकणातील श्रद्धा व भय आंध्रातील खेड्यात परके ठरले नाही. खानोलकर १९७६ मध्ये निवर्तले. १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला. राष्ट्राचे साहित्य प्रदेश पुसून घडत नसते. दिल्लीची मोहोर उमटेपर्यंत गावच्या लेखकाचे मोल न करण्याची सवय समीक्षेने आता सोडावी.