अर्नेस्ट रुदरफोर्ड : सोन्याच्या पत्र्याने उघडलेला अणू

काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिलाच असेल. फुंकर मारली तरी उडेल इतका पातळ! धातू ठोकला की सहसा तुटत नाही, पसरतो. त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण सुटत नाहीत. या गुणधर्माला वर्धनीयता म्हणतात. त्यात सोन्याचा नंबर पहिला. याच गुणामुळे रुदरफोर्ड यांना अणूच्या आत डोकावता आलं. कसं ते बघूया.

रुदरफोर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमध्ये नेल्सनजवळ झाला. बारा भावंडांतले ते चौथे. वडील गाड्यांची चाकं बनवत, आई शिक्षिका. शिक्षण शिष्यवृत्त्यांच्या आधारावर झालं. इंग्लंडच्या शिष्यवृत्तीत त्यांचा क्रमांक दुसरा होता. पहिल्याने ती नाकारली, म्हणून यांना मिळाली!

१८९५ मध्ये ते केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या हाताखाली आले. थॉमसन यांच्या मते अणू म्हणजे जणू तिळगुळाचा लाडू : धनप्रभाराच्या गुळात इलेक्ट्रॉनचे तीळ. पुढे किरणोत्साराच्या संशोधनासाठी रुदरफोर्ड यांना १९०८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण त्यांचं सर्वांत मोठं काम त्यानंतरचं आहे. १९०९ मध्ये मँचेस्टरला त्यांनी गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांना एक प्रयोग दिला. सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण सोडायचे. सोनंच का? कारण ते ठोकून मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ करता येतं. पत्रा जाड असता, तर कण आतच अडकले असते.

बहुतेक कण सरळ आरपार गेले. पण हजारोंमध्ये एखादा चक्क मागे फिरला! लाडवासारख्या अणूत हे शक्यच नव्हतं. आता एकतर प्रयोग चुकीचा, नाहीतर आपल्या गुरूंचं मत चुकीचं. रुदरफोर्ड यांनी पुराव्याची बाजू घेतली. १९११ मध्ये त्यांनी मांडलं, की अणू बहुतांशी पोकळ असून त्याच्या मध्यभागी अतिशय लहान, जड, धनप्रभारित केंद्रक असतं.

तरीही गुरू-शिष्याचं नातं तुटलं नाही. १९१९ मध्ये थॉमसन यांच्याच जागी ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचं निधन झालं. १०४ व्या मूलद्रव्याला त्यांचं नाव आहे.

मुलांनो, न पटणारं उत्तर आलं तर ते खोडू नका. आधी पुन्हा तपासा.

करून पहा : तांब्याची तार आणि कोळशाचा तुकडा मोठ्यांच्या मदतीने हातोडीने ठोका. काय फरक दिसला, वहीत लिहा.