पर्वतावरून उतरलेला भिक्षू : शिनरान

जपानी लोकांच्या धार्मिक जीवनात दोन प्रवाह शतकानुशतके शेजारी शेजारी वाहत आले आहेत. निसर्गात आणि पूर्वजांत वास करणाऱ्या देवतांची, म्हणजे 'कामीं'ची उपासना करणारा शिंतो हा तेथील मूळचा प्रवाह. बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियातून तेथे पोहोचला. प्रारंभी तो मुख्यतः राजदरबार, सरदारघराणी व मठ यांच्या आश्रयाने वाढला. तो शेतकरी, कोळी आणि शिकारी यांच्या दारापर्यंत नेणाऱ्यांमध्ये शिनरान यांचे नाव अग्रभागी आहे.

शिनरान यांचा जन्म ११७३ मध्ये क्योतो नगराजवळील हिनो येथे एका मध्यम दर्जाच्या सरदारघराण्यात झाला. त्यांचे बालपण अस्थिरतेत गेले. ११८० मध्ये ताइरा आणि मिनामोतो या दोन बलाढ्य घराण्यांत युद्ध पेटले. पाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. अशा काळात, ११८१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी त्यांना भिक्षूची दीक्षा देण्यात आली. क्योतोच्या ईशान्येस असलेल्या हिएई पर्वतावरील एनर्याकुजी हा त्या काळातील विद्येचा मोठा मठ. तेथे त्यांनी वीस वर्षे ग्रंथांचे अध्ययन, ध्यान आणि कठोर व्रते केली. परंतु मनातील लोभ, क्रोध व वासना काही नाहीशा होईनात. साधनेने शुद्ध होणाऱ्यालाच मुक्ती मिळत असेल, तर जो शुद्ध होऊच शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला.

१२०१ मध्ये ते पर्वत उतरले. क्योतोतील रोक्काकुदो या मंदिरात त्यांनी शंभर दिवसांचे अनुष्ठान आरंभले. पंचाण्णवाव्या दिवशी पहाटे त्यांना दृष्टांत झाला आणि ते होनेन या वृद्ध आचार्यांकडे गेले. अमिताभ बुद्धांना जपानी लोक 'अमिदा' म्हणतात. सर्व प्राणिमात्रांना तारण्याचा संकल्प त्यांनी केला आहे आणि श्रद्धेने त्यांचे नाम घेणाऱ्याला त्यांच्या सुखलोकात, 'शुद्ध भूमी'त, जन्म मिळतो, अशी होनेन यांची शिकवण होती. त्यासाठी विद्वत्ता नको, धन नको, मठ नको.

ही शिकवण लोकांना भावली. प्रस्थापित मठांना मात्र ती खुपली. नारा येथील कोफुकुजी मठाने १२०५ मध्ये दरबाराकडे तक्रार केली. १२०७ मध्ये नामजपाच्या या पंथावर बंदी आली. होनेन यांच्या चार अनुयायांना देहदंड झाला. पंचाहत्तराव्या वर्षात असलेल्या होनेन यांना आणि शिनरान यांना वेगवेगळ्या दिशांना हद्दपार करण्यात आले. शिनरान यांचे भिक्षुपद काढून घेतले गेले आणि त्यांना एचिगो या थंड, हिमाच्छादित प्रांतात धाडण्यात आले. हा प्रांत आजच्या निइगाता जिल्ह्यात येतो.

ही शिक्षाच त्यांच्या जीवनाला नवे वळण देणारी ठरली. आपण आता ना भिक्षू ना गृहस्थ, असे त्यांनी मानले आणि 'गुतोकु' हे नाव धारण केले. मुंडण केलेला मूढ, असा त्याचा भाव आहे. त्यांनी एशिन्नी या स्त्रीशी उघडपणे संसार केला. भिक्षूने ब्रह्मचारी राहावे असा दंडक असताना हे मोठे धाडस होते. मुलाबाळांत राहून, पोटासाठी मासे धरणाऱ्या व शिकार करणाऱ्या माणसांमध्ये त्यांनी धर्म सांगितला.

१२११ मध्ये त्यांना माफी मिळाली. पण पुढच्याच वर्षी होनेन निवर्तले. १२१४ मध्ये शिनरान सहकुटुंब पूर्वेकडील कान्तो प्रदेशाकडे निघाले. वाटेत लोकांच्या कल्याणासाठी त्यांनी तीन सूत्रांची सहस्र पारायणे करण्याचा संकल्प केला; परंतु स्वतःच्या बळावर पुण्य जोडण्याची ही जुनीच धडपड आहे, हे ध्यानी येताच काही दिवसांत तो सोडून दिला. पुढे १२३१ मध्ये तापाने आजारी असतानाही तीच सूत्रे त्यांच्या मनात घोळू लागली. अहंकार किती चिवट असतो, हे त्यांनी पत्नीजवळ प्रांजळपणे कबूल केले.

हिताची प्रांतातील इनादा येथे राहून त्यांनी सुमारे वीस वर्षे धर्मकार्य केले. 'क्योग्योशिन्शो' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. नामस्मरण हे पुण्य मिळवण्याचे साधन नसून लाभलेल्या कृपेबद्दलची कृतज्ञता आहे, असे ते शिकवीत. श्रद्धा बुद्धांकडूनच मिळत असल्याने आपला एकही शिष्य नाही, अशी त्यांची धारणा होती.

साठी उलटल्यावर ते क्योतोला परतले आणि सामान्यांना समजतील अशी स्तोत्रे जपानी भाषेत रचू लागले. कान्तोतील अनुयायांमधील वाद मिटवण्यासाठी त्यांनी झेनरान या आपल्या पुत्राला तिकडे पाठवले. वडिलांनी आपल्यालाच गुप्त उपदेश दिला आहे, असे सांगून त्याने लोकांना अधिकच संभ्रमात टाकले. अखेर १२५६ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, शिनरान यांनी पत्र लिहून पुत्राशी नाते तोडले. जो धर्म सर्वांसाठी खुला, तो घराण्याची मिरास होऊ नये, यासाठी एका पित्याने मोजलेली ही किंमत होती.

१२६३ च्या प्रारंभी क्योतो येथे त्यांचे निधन झाले. लेकीने कळवलेल्या या वार्तेला उत्तर देताना एशिन्नी यांनी पतीच्या आठवणी लिहिल्या. ती पत्रे १९२१ मध्ये सापडली आणि त्यांच्या चरित्रावर मोलाचा प्रकाश पडला.

आपले प्रेत कामो नदीत सोडून माशांना खाऊ घालावे, अशी शिनरान यांची इच्छा होती, असे त्यांच्या पणतूने नमूद केले आहे. परंतु १२७२ मध्ये त्यांच्या कन्येने व अनुयायांनी त्यांची समाधी उभारली. तिच्यातूनच होंगान्जी मंदिर उदयास आले आणि १६०२ मध्ये त्याच्या पूर्व व पश्चिम अशा दोन शाखा झाल्या. त्यांचा 'जोदो शिन्शू' पंथ आज जपानमधील सर्वांत मोठ्या बौद्ध पंथांपैकी एक आहे. १८७२ मध्ये जपान सरकारने सर्व पंथांच्या भिक्षूंना विवाहाची मोकळीक दिली. शिनरान मात्र त्या वाटेने साडेसहाशे वर्षे आधीच चालून गेले होते.