सोडावॉटरचा जनक : जोसेफ प्रीस्टले

कलाशाखेच्या आपल्या महाविद्यालयात शास्त्राचे प्रयोग सहसा होत नाहीत. पण गेल्या स्नेहसंमेलनात एका मित्राने मैदानात कोलाची मोठी बाटली ठेवली, तिच्यात पुदिन्याच्या पाच-सहा गोळ्या एकदम सोडल्या आणि क्षणार्धात पुरुषभर उंचीचा फवारा उडाला. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांचे सदरे भिजले. हसणे ओसरल्यावर प्रश्न उरलाच : बाटलीत एवढा जोर आला कोठून? त्याचा शोध घेता घेता मी एका धर्मोपदेशकाच्या दारी जाऊन पोचलो.

जोसेफ प्रीस्टले १७३३ साली इंग्लंडमध्ये, लीड्सजवळच्या एका खेड्यात जन्मला. बाप कापड-कारागीर. आई लहानपणीच वारली आणि आत्याने त्याला वाढवले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण बोलताना अडखळणारा. घराण्याचा पंथ राजमान्य चर्चबाहेरचा असल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे त्याला बंद होते. अशा मुलाने उपदेशकाचा पेशा पत्करावा, हे नवलच. पुढे शिक्षक म्हणूनही त्याने काम केले. बेंजामिन फ्रँक्लिनच्या प्रोत्साहनाने १७६७ साली त्याने विजेचा इतिहास लिहिला.

त्याच वर्षी तो लीड्सला उपदेशक म्हणून आला. घराशेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर एका अदृश्य वायूचा थर साचतो आणि त्यात जळती काडी धरली की विझते, हे त्याने पाहिले. काडीचा धूर त्या थरात अडके आणि पिंपाच्या काठावरून खाली ओघळे. या वायूला तेव्हा ‘बद्ध वायू’ म्हणत; जोसेफ ब्लॅकने तो आधीच ओळखला होता. आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. प्रीस्टलेने पिंपावर दोन भांडी धरून पाणी यातून त्यात, त्यातून यात ओतले. थोड्याच वेळात पाण्याला छान आंबूस चव आली. पुढे खडूवर गंधकाम्ल ओतून तोच वायू त्याने घरी तयार केला आणि १७७२ साली त्याची कृती छापून टाकली.

हे पाणी खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर औषध ठरेल, असे त्याला वाटत होते. ते चुकीचे निघाले. पण १७७३ साली रॉयल सोसायटीचे कॉपली पदक त्याला मिळाले. पैसा मात्र मिळाला तो याकोब श्वेप नावाच्या दुसऱ्याच माणसाला. त्याने जिनिव्हात १७८३ साली या पाण्याचा धंदा काढला. प्रीस्टलेने त्याबद्दल कधी हळहळ केल्याचे दिसत नाही.

आता त्या बाटलीकडे वळू. कारखान्यात दाब देऊन एक लिटर पेयात साधारण साडेतीन-चार लिटर वायू कोंबलेला असतो. झाकण उघडले की दाब जातो आणि वायूला बाहेर पडायचे असते. पण पाण्याच्या पोटात नवा बुडबुडा जन्मणे सोपे नसते. त्याला बसायला खाचखळगा लागतो. त्या गोळीचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्म खळग्यांनी भरलेला असतो. गोळी जड असल्याने थेट तळाशी जाते, वाटेत असंख्य बुडबुडे सुटतात आणि ते वर येताना सगळे पेय ढकलतात. गोळीतला डिंक पाण्याचा पृष्ठताण कमी करून त्यांना मदत करतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. रासायनिक क्रिया येथे मुख्य नाहीच! आपला सोडावाला ग्लासात मीठ टाकून वर सोडा ओततो तेव्हा फसफसून फेस येतो, तोही याच कारणाने.

१ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलेने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याची तांबडी भस्म तापवली. निघालेल्या वायूत मेणबत्ती लखलखून पेटली. तो ऑक्सिजन होता. स्वीडनच्या शीलला तो आधी गवसला होता, पण प्रसिद्धी प्रथम प्रीस्टलेने दिली. पॅरिसला गेल्यावर त्याने ही गोष्ट लव्हाझिएला मोकळेपणाने सांगितली आणि लव्हाझिएने तिच्यावर नव्या रसायनशास्त्राची इमारत उभी केली. प्रीस्टले मात्र फ्लॉजिस्टनची जुनी कल्पना मरेपर्यंत धरून बसला. ज्याने धर्मात एकही मत न तपासता स्वीकारले नाही, त्याने शास्त्रात असा हट्ट का धरावा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

धर्मातल्या त्या मोकळेपणाची किंमतही त्याला मोजावी लागली. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो उघड पुरस्कर्ता होता. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये तिच्या स्मरणार्थ मेजवानी झाली. तो तिला गेलाही नव्हता. तरी जमावाने त्याचे प्रार्थनामंदिर, घर, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा यांचा विध्वंस केला. नवराबायको जीव घेऊन पळाली. लंडनमध्ये रॉयल सोसायटीतले जुने स्नेहीसुद्धा त्याला टाळू लागले. अखेर १७९४ साली त्याने देश सोडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये लव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलंड या गावी त्याने नवी प्रयोगशाळा उभारली. तिथे धाकटा मुलगा गेला, पाठोपाठ पत्नीही गेली. प्रयोग आणि लेखन चालूच राहिले. ६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी त्याने अंथरुणातूनच एका हस्तलिखितातल्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या वाचून घेतल्या, एके ठिकाणचे शब्द बदलायला लावले आणि समाधान झाल्याचे कळवले. थोड्याच वेळात त्याचा श्वास थांबला.