पटकीशी झुंजणारा शास्त्रज्ञ : वाल्डेमार हाफकिन

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी नदी-नाल्यांतून वाहू लागले, की पोटाच्या विकारांचे दिवस सुरू होतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळ वसलेले इस्लापूर असो किंवा मुंबईची एखादी दाट वस्ती, जुलाब आणि उलट्यांची भीती दोन्हीकडे सारखीच असते. आज या भीतीवर क्षारसंजीवनी आणि सलाईनचा उतारा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पटकी, म्हणजेच कॉलरा, गावात शिरली की गावकरी मरीआईला शरण जात. अनेकांना घर सोडून रानात राहावे लागे. अशा काळात पटकीला लशीने अडविण्याचे स्वप्न घेऊन एक परदेशी तरुण भारतात आला. मुंबईतील परळच्या सुप्रसिद्ध संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. वाल्डेमार हाफकिन हेच ते शास्त्रज्ञ.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. ओडेसा विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासारखा थोर गुरू लाभला. ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांच्या काळात स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यासाठी त्यांना तुरुंगवासही घडला. धर्म बदलला असता, तर विद्यापीठातील नोकरीची वाट मोकळी होती. परंतु त्यांनी ती नाकारली. १८८८ मध्ये मायदेश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे रिकामी होती ती ग्रंथपालाची जागा. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कोलकाता येथील संशोधनातून जगासमोर आणला होता. दूषित पाणी व अन्नातून तो लहान आतड्यात पोहोचतो. तेथे त्याचे विष आतड्याच्या पेशींना शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर टाकायला भाग पाडते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात, उलट्या होतात, पायांत गोळे येतात, डोळे खोल जातात, लघवी बंद होते. उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूस काही तासांत दगावतो. विषाचे हे कोडे पुढे १९५९ मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी उलगडले. हाफकिन यांच्या हाती ही माहिती नव्हती. त्यांनी गिनिपिगच्या शरीरात जंतू पुनःपुन्हा वाढवून त्याची तीव्रता वाढविली आणि दुसरीकडे त्याचे सौम्य रूपही तयार केले. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र, अशा दोन मात्रा टोचण्याची ही पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. परंतु अपाय झाला नाही.

या लशीची खरी कसोटी पटकीचे माहेरघर असलेल्या भारतातच लागणार होती. माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या सूचनेवरून हाफकिन १८९३ च्या वसंतात कोलकात्याला पोहोचले. उत्तर भारतातील लष्करी छावण्या, तुरुंग आणि चहाचे मळे त्यांनी पालथे घातले. सरकारी अधिकारी साशंक होते आणि परक्याच्या सुईवर लोकांचा विश्वास नव्हता. १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टाल बागान वस्तीत पटकी पसरली, तेव्हा सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे आजारी पडले, ते सारे लस न घेतलेले होते. भारतीय डॉक्टरांचे पथक सोबतीला घेऊन हाफकिन यांनी दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली. या धावपळीत मलेरियाने त्यांना गाठले आणि १८९५ मध्ये त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले.

१८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले, तेव्हा मुंबईत ग्रंथिक संनिपाताने, म्हणजे प्लेगने, थैमान घातले होते. सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम सुरू केले. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचाही पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, तर प्लेग बंदोबस्तातील जुलमाने लोक संतप्त झाले होते. सरकारी पथकांच्या धाकाला विटलेल्या लोकांचा विश्वास मिळविणे हे लस तयार करण्याइतकेच अवघड होते. आगाखान यांनी जाहीरपणे लस घेऊन आपल्या अनुयायांसमोर उदाहरण घालून दिले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीत नोंदली गेली असूनही तिला योग्य ते महत्त्व मिळाले नाही. पाच वर्षे त्यांनी न्यायासाठी झगडण्यात घालविली. अखेर १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. मात्र मुंबईतील पद त्यांना परत मिळाले नाही. कोलकात्याला त्यांची नेमणूक झाली, पण माणसांवर लशीचे प्रयोग करण्यास मज्जाव होता. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. अविवाहित हाफकिन यांनी उरलेले आयुष्य युरोपात, बहुतांशी ज्यू समाजाच्या कार्यात व्यतीत केले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाफकिन यांच्या पटकीच्या लशीचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळाचे होते, हे पुढे स्पष्ट झाले. टोचण्याच्या लशी मागे पडल्या आणि तोंडावाटे देण्याच्या लशी आल्या. उपचारांतील खरी क्रांती मीठ, साखर आणि पाण्याने घडविली. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षारसंजीवनीने हजारोंचे प्राण वाचविले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, इतके सोपे ते औषध आहे. मोजमापासाठी चहाचा लहान चमचा वापरावा. रुग्णाला हे पाणी घोटघोट, वारंवार द्यावे. लहान मुलांना सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. पाणी पोटात ठरत नसेल, लघवी थांबली असेल किंवा रुग्णाला ग्लानी आली असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेवाटे सलाईन देऊन प्राण वाचविता येतात. पटकी आहे की अन्य जंतूंचा संसर्ग, याचे निश्चित निदान शौचाच्या तपासणीतून होते. परंतु पाणी देणे त्या अहवालासाठी थांबविता कामा नये.

साथीशी लढताना औषधाइतकाच लोकांचा विश्वास मोलाचा असतो, हे हाफकिन यांनी ओळखले होते. म्हणूनच दोन्ही लशींची पहिली सुई त्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. तो विश्वास गमावायला मुल्कोवालची एक बाटली पुरेशी ठरली आणि त्याची किंमत त्यांनी उर्वरित आयुष्यभर मोजली.