दगडाला पाझर फोडणारा रसायनशास्त्रज्ञ

राजूर (ता. अकोले) : येथील काळ्या कातळावर आम्ल ओतले तर तो सहसा दाद देत नाही, चुनखडीवर मात्र तत्काळ फेस उसळतो. याच साध्या गुणधर्माच्या आधारे हर्मन फ्राश यांनी क्षीण होत चाललेल्या तेलविहिरींना नवसंजीवनी देण्याचा मार्ग दाखविला.

फ्राश यांचा जन्म २५ डिसेंबर १८५१ रोजी जर्मनीतील वुर्टेमबर्ग येथे झाला. १८६८ मध्ये ते अमेरिकेस गेले व फिलाडेल्फियात रसायनशास्त्रात पारंगत झाले. ओहायो राज्यातील लिमा येथील खनिज तेल गंधकामुळे दुर्गंधीयुक्त होते. ते शुद्ध करण्याच्या पद्धतीने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

लिमाचे तेल चुनखडीच्या थरांत होते. विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून ते दाबाने खडकात शिरविण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्राश यांना १७ मार्च १८९६ रोजी मिळाले. आम्लामुळे चुनखडी विरघळून तेलाच्या वाटा रुंदावतात आणि तयार होणारा क्षार पाण्यात विरघळून बाहेर पडतो. त्यांचे सहकारी जॉन व्हॅन डाइक यांनी सल्फ्युरिक आम्ल सुचविले होते. त्यातून मात्र न विरघळणारे जिप्सम तयार होते.

प्रारंभीच्या प्रयोगांत उत्पादन वाढले. परंतु आम्लाने विहिरीतील लोखंडी नळ्याही खाल्ल्या. ही पद्धत मागे पडली. भूगर्भातील गंधक अतितप्त पाण्याने वितळवून वर आणण्याच्या शोधासाठीच फ्राश ओळखले गेले. १९१२ मध्ये त्यांना पर्किन पदक लाभले. १ मे १९१४ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. आम्लपद्धतीचा विजय पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९३२ मध्ये मिशिगन राज्यात, लोखंडाचे रक्षण करणारे आर्सेनिकयुक्त द्रव्य आम्लात मिसळण्यात आले आणि मृतवत विहिरीतून तेल येऊ लागले. त्यानंतर ही पद्धत जगभर रुजली. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेलही प्रामुख्याने चुनखडीतच असून तेथील विहिरींवरही आम्लप्रक्रिया केली जाते.

मात्र पहिल्या दिवशीच्या उसळीवरून यश ठरत नाही. प्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे उत्पादन, विहिरीतील दाब, तेलासोबत येणारे पाणी आणि वाढ किती महिने टिकली, हे सारे ताडून पाहावे लागते. फ्राश यांची कल्पना अचूक होती. तिची परीक्षा पूर्ण होण्यास मात्र तीन दशकांहून अधिक काळ लागला.