जोतीरावांना अवतार करू नका

उंद्रीच्या एका तरुण कार्यकर्त्याने ११ एप्रिलच्या जयंतीसाठी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांचे काव्यचरित्र रचले आणि वही माझ्याकडे वाचायला दिली. चाल ठसकेबाज आहे, पोराला आवाजही आहे. पण पहिल्याच कडव्यात आकाशात तारा उगवतो, देव पुष्पवृष्टी करतात आणि जोतीराव अवतार घेतात! ज्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारांची चिरफाड केली, त्यांनाच आपण अवतार करायला निघालो. वकिली भाषेत सांगायचे तर अशी साक्ष पहिल्याच उलटतपासणीत कोसळते.

माणसाचे चरित्र पद्यात कसे सांगावे, याचा धडा खुद्द जोतीरावांनी १८६९ साली शिवरायांच्या पोवाड्यात घालून दिला आहे. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणून रंगवल्या जाणाऱ्या राजाला त्यांनी शेतकरी कुळाचे भूषण म्हणून उभे केले. त्यात जिजाऊ, आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची लेक, मुलाला पूर्वजांचा इतिहास सांगतात. मोठमोठे संस्कृत शब्द जोतीरावांनी जाणूनबुजून टाळले. कुणबी, माळी, महार, मांग यांना ते समजावे, हाच हेतू होता. वाचता येणारे त्यात किती? म्हणून तर पोवाडा.

मग जोतीरावांचे चरित्र गायचे तर काय गावे? १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान सगळेच गातात. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, हेही गातात. पुढच्या वर्षी वडिलांनी जोडप्याला घराबाहेर काढले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. उंद्रीच्या वहीत इथपर्यंत सारे आहे.

नाही ते असे. हा माणूस ठेकेदार होता. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध होता. समाजकार्य म्हणजे वर्गणीची पावती, अशी समजूत झालेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट ऐकावे. ते स्वतः कमावत आणि चळवळीला लावत. १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात पाणी अडवण्यासाठी बंधारे-तलाव बांधायला सांगितले. दुष्काळाची झळ सोसणाऱ्या आपल्या भागात हे कडवे सर्वांत आधी गायला हवे. १८८८ साली राणीच्या मुलासमोर, ड्यूक ऑफ कॅनॉटसमोर, ते शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले आणि रयतेचे दैन्य त्याच्या कानावर घातले.

विधवांसाठी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून त्याला वारस केले. जातीबाहेरच्या मुलाला कायद्याच्या कागदावर वारस नेमणे ही त्या काळात बंडखोरीच होती; माझ्या व्यवसायातल्या माणसाला तिचे मोल चटकन कळते. पुढे पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक १८९१ साली छापून आले.

त्यांच्या निधनानंतर सावित्रीमाईंनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य रचले. बावन्न कडव्यांत त्या आधी पेशवाई सांगतात, मग इंग्रजी अमदानी आणि त्यानंतर जोतिबा. पन्नास वर्षे सोबत राहिलेल्या पत्नीलाही पतीची थोरवी सांगायला आकाशातला तारा लागला नाही. कोणत्या काळोखात हा माणूस उभा राहिला, तेवढे सांगणे पुरेसे झाले.

वही मी परत दिली. पोरगा जरा हिरमुसला, कारण ताऱ्याच्या कडव्याला गावात टाळ्या मिळाल्या होत्या. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तारा खोडला आहे, पण मृत्युपत्राला यमक जुळत नाही, काय करू म्हणाला. यमक सोड, मजकूर ठेव, असे मी त्याला सांगितले आहे.